बिनबोलावलेले निरोप

ईस्टरच्या सुट्टीत मासे धरायला निघण्याआधी गार्थ व्हेनिंगनं एकच शहाणपणा केला आणि तोच त्याला नडला. आपल्या ईमेलला त्यानं बजावून ठेवलं, की कुणाचंही पत्र आलं तर माझ्या वतीनं कळव: ‘मासेमारीला गेलो आहे. मंगळवारी भेटू. नशिबात असलं तर व्हायटिंग घेऊन.’

शुक्रवारी सकाळी ‘डॉज’ नावाच्या प्रोग्रॅमच्या मेलिंग लिस्टवर ब्राझीलमधल्या कसल्याशा काँक्रीट परिषदेची जाहिरात येऊन पडली. गार्थच्या मशीननं लिस्टला अदबीनं सांगितलं, गार्थ मासेमारीला गेलाय. लिस्टवर आलेलं पत्र सगळ्या सभासदांना वाटायचं, हा लिस्टचा धर्म. तिनं ते वाटलं. सभासदांत गार्थही होता. तेव्हा गार्थच्या पेटीत गार्थचं पत्र आलं आणि गार्थच्या मशीननं गार्थला तत्परतेनं कळवलं, की गार्थ मासेमारीला गेलाय. तेही लिस्टवर. तेही सगळ्यांना. अशा रीतीनं गार्थ गार्थलाच सांगत राहिला, की गार्थ घरी नाही, आणि हा संवाद ऐकायला नॉर्वेपासून न्यूझीलंडपर्यंतची चार-पाचशे माणसं बसवलेली होती.

शनिवारी दुपारी लिस्ट सांभाळणाऱ्या मिसेस पी चर्चच्या स्टॉलवर पेस्ट्या, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, विकून घरी आल्या, हात धुतले, कॉम्प्युटर उघडला आणि गार्थचं तोंड बंद केलं. मंगळवारी गार्थ परतला तेव्हा त्याच्या बर्फाच्या डब्यात तीन व्हायटिंग होते आणि पेटीत हजारो गार्थ.

लिस्टवरच्या लोकांनी त्याला पुढं कित्येक आठवडे सुखानं जगू दिलं नाही. पोर्ट लिंकनहून झ्वोन्को बुरातोविचनं लिहिलं, ‘जन्मभर मी कोळंबीची बोट हाकली. घरी सांगून समुद्रावर गेलो तो एकदाच, तोही बायकोच्या धाकानं. हा मास्तर साऱ्या जगाला सांगून गेला आणि तीन मासे आणले.’

गार्थ कडीनाच्या शाळेत गणित शिकवतो. ‘डॉज’ त्याच्याकडे वारसानं आलेला. आमच्या आखातात पंधरवड्यातून एकदा समुद्राला कंटाळा येतो. भरती नाही, ओहोटी नाही. दिवसभर पाणी धक्क्याच्या खांबांना टेकून नुसतं उभं राहतं. याला आम्ही डॉज म्हणतो. भरतीचे हिशेब करणारे मोठमोठे प्रोग्रॅम जगभर बरोबर उत्तरं देतात आणि आमच्या डॉजपाशी येऊन तोंडावर आपटतात. म्हणून गार्थच्या आधीच्या गणिताच्या मास्तरांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला तेच नाव ठेवलं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा, ज्याला अक्कल असेल त्यानं सुधारावा आणि ज्याला नसेल त्यानं लिस्टवर येऊन तक्रार करावी. मास्तर वारले. प्रोग्रॅम गार्थकडे आला. लिस्ट मात्र पहिल्यापासून मिसेस पींकडे होती, ती त्यांच्याकडेच राहिली.

मिसेस पी म्हणजे लॉर्ना पोल्किंगहॉर्न. आमच्या भागात कुठल्याही दारावर थाप मारा, आतून एखादा पोल्किंगहॉर्न ‘कोण?’ म्हणेल, पण मिसेस पी म्हटलं की या एकच. वॉलरूच्या धक्क्यावर गहू भरायला जहाजं येतात, त्यांच्या कचेरीत बाईंनी उमेदीची सगळी वर्षं फोन आणि रेडिओ सांभाळला. कुठलं जहाज कुठं अडकलंय, कुणाच्या खलाशाला घरी मुलगी झालीय, सगळं त्यांच्या कानावरून जायचं. निवृत्त झाल्यावर कान रिकामे राहिले, तिथं लिस्ट येऊन बसली.

लिस्टची शिस्त बाईंनी घालून दिलेली. सभासदाचं पत्र थेट सगळ्यांना जाणार. बाहेरच्याचं पत्र आधी बाईंकडे थांबणार. आणि जे बोलायचं ते चारचौघांत. कुणी परस्पर खासगीत काही विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘लिस्टवर विचारा, सगळ्यांना कळू दे.’ त्यामुळं वर्षानुवर्षं बोलणाऱ्या माणसांकडे एकमेकांचे फोन नंबरही नसत. गरजच नव्हती. लिस्ट होती.

बाहेरून येणारं बहुतेक सगळं म्हणजे जाहिराती. परिषदा, शिबिरं, नोकऱ्या, दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, ‘कळवण्यास आनंद होतो की’ने सुरू होणारे आणि आपला आनंद तिथंच संपवणारे नाना निरोप. बाई सकाळी चहाबरोबर ते एकेक उघडत. नको असलेलं परत पाठवताना दोन ओळी लिहीत. ‘तुमचं गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचं शिबिर चांगलं दिसतंय. आमचं पाणी खारं आहे. यश येवो.’ पुण्यकर्म केल्यासारखा चेहरा करून परत चहा घेत. अधूनमधून एखादं आत सोडत, आणि का सोडलं याचं कारण त्यांच्याकडे तयार असे. ते ब्राझीलचं काँक्रीट त्यांनीच सोडलं होतं.

“काँक्रीट आलं म्हणजे धक्के आले,” त्यांनी गार्थला समजावलं होतं, “आणि धक्के आले म्हणजे पाणी आलंच की!”

ॲडलेडच्या तरुण सभासदांना हे पटत नसे. एकानं स्पष्टच लिहिलं, ‘ही लिस्ट आहे की बेकरीतला नोटिशींचा फळा?’ त्यावर झ्वोन्कोनं उत्तर दिलं, ‘बेकरीतला फळा मी रोज वाचतो. तुझं पत्र आज पहिल्यांदा वाचलं.’

झ्वोन्को आणि मिसेस पी यांचं भांडण हा लिस्टचा रोजचा नाश्ता होता. तो आखाताच्या पलीकडच्या तोंडाशी, बाई अलीकडच्या किनाऱ्यावर. डॉजच्या दिवशी तो रंगाच्या खुणा केलेला बांबू घेऊन धक्क्यावर जाई आणि तिथून आल्या आल्या लिही, “मिसेस पी, आज तुमचं पाणी हललं का?”

“चार बोटं. तुमचं?”

“आमचं गाढ झोपलंय. तुमचं वाऱ्यानं हललं असेल. त्याला भरती म्हणत नाहीत.”

“वारा कुठला आणि भरती कुठली, हे लिंकनवाल्यांनी मला शिकवू नये.”

“या एकदा इकडं. सार्डिन भाजून घालतो, मग शिकवतो.”

“तुम्ही या. पेस्टी खाताना तोंड बंद राहतं, तेवढीच शांतता.”

कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. पाण्यावरून सरळ जायचं तर फार नाही, पण रस्त्यानं अख्ख्या आखाताला वळसा. शिवाय रोज भेटणाऱ्या माणसाला भेटायला मुद्दाम कशाला जायचं?

ईस्टरनंतर दोन गोष्टी झाल्या. मिसेस पींच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचं ठरलं. आधी एक, मग मध्ये काही दिवस टाकून दुसरा. तोवर ॲडलेडला बहिणीकडे राहायचं आणि स्क्रीनकडे बघायचं नाही. आणि झ्वोन्कोनं लिहिलं, ‘डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो मागितलाय. आत जुन्या कोळंबीच्या वासाशिवाय काय मिळणार? काय निघालं ते लिस्टवर कळवीन.’

गार्थ मिसेस पींचं देणं लागत होताच. त्यांनी त्याला ईस्टरवरून एक शब्द सुनावला नव्हता, हे तर त्याला जास्तच लागलं होतं. तो वॉलरूला त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि म्हणाला, लिस्ट मी बघतो. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून त्याला स्क्रीनसमोर बसवलं.

“हे बघ राजा, आतल्यांचं आपोआप जातं. बाहेरच्यांचं इथं थांबतं. उघडायचं, वाचायचं, मग ठरवायचं.”

“सगळं वाचायचं?”

“मग काय वासावरून ओळखणार?”

“मिसेस पी, यातलं बहुतेक सगळं भंगार असतं.”

“असेना. भंगारवाला दारात आला तर आपण ‘नको बाबा’ म्हणतो. तोंडावर दार आपटत नाही.”

“बरं. तुम्ही डोळे सांभाळा, मी लिस्ट सांभाळतो. ईस्टरचं पाप तरी फिटेल.”

“पाप फेडायला चर्चमध्ये जा. इथं फक्त वाच.” मग सामान भरता भरता त्या थांबल्या. “आणि झ्वोन्कोचं काही आलं, की मला फोन करून वाचून दाखव. तेवढं विसरू नकोस. माणूस बोलतो वाघासारखा, पण फोटोला घाबरलाय.”

“त्यांचा नंबर शोधून देऊ का? तुम्हीच बोला.”

“तो लिस्टवर कळवतो म्हणालाय. कळवेल.”

पहिला आठवडा गार्थनं इमानदारीनं वाचलं. जलशुद्धीकरणाचे फिल्टर वाचले, तुर्कस्तानातली बंदर-परिषद वाचली, अर्ज पाठवण्याची मुदत वाढवल्याची गोड बातमी वाचली आणि ती पुन्हा वाढवल्याचीही. मग शाळेत प्रगतिपुस्तकं लिहायचे दिवस आले. थांबलेल्या पत्रांचा ढीग सकाळी उपसावा तो संध्याकाळी पूर्ववत. गार्थ माणूस गणिताचा. ज्या उदाहरणाचं उत्तर दर वेळी एकच येतं ते हातानं सोडवत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

लिस्ट चालवणाऱ्या मशीनमध्ये एका कोपऱ्यात एक प्रश्न असतो. बाहेरच्यांच्या पत्रांचं काय करायचं? खाली चार उत्तरं: आत घ्या, थांबवून ठेवा, परत पाठवा, फेकून द्या. मिसेस पींनी दुसऱ्यावर खूण केलेली होती. गार्थचं बोट आधी तिसऱ्यावर गेलं, तेच सभ्यपणाचं होतं. पाठवणाऱ्याला निदान कळलं असतं, की आपलं पत्र पोचलं नाही. पण परत पाठवायचं म्हणजे मशीन आपोआप उत्तर देणार. आपोआप जाणाऱ्या उत्तराचा गार्थनं ईस्टरपासून धसका घेतला होता. समोरही मशीनच असलं तर? त्यानं उलट उत्तर दिलं तर? पुन्हा सगळ्या जगासमोर तमाशा? नको रे बाबा. त्यानं चौथ्यावर खूण केली. फेकलेल्या पत्राचं एक बरं असतं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, घेणाऱ्याला वाटतं आलंच नाही, आणि दोघंही शांत राहतात.

लिस्ट कशी निवळली! चार-पाच दिवसांत लोकांच्या ध्यानात आलं. ॲडलेडच्या त्या पोरानं लिहिलं, ‘शाब्बास मास्तर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिस्टवर फक्त पाणी दिसतंय.’ दोघातिघांनी री ओढली. तीनच मासे मिळालेल्या माणसाला एवढं कौतुक पुष्कळ झालं. गार्थ शाळेत शीळ घालत वर्गावर जाऊ लागला.

ॲडलेडहून मिसेस पींचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

“लिंकनहून आलं का काही?”

“नाही, मिसेस पी. काही नाही.”

“म्हणजे बरं असेल. वाईट असतं तर एवढ्यात बोंब मारली असती त्यानं.”

पुढच्या फोनला, “आलं?”

“नाही हो.”

“डॉज येऊन गेला. त्या दिवशीही नाही?”

“नाही.”

या वेळी त्या बरं असेल म्हणाल्या नाहीत. बहिणीची मांजर फार आगाऊ आहे, एवढंच म्हणाल्या. गार्थ खोटं बोलत नव्हता. झ्वोन्कोच्या नावानं खरोखरच काही आलेलं नव्हतं, आणि झ्वोन्को सभासद होता. त्याचं पत्र अडण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा डोळा उघडल्यावर मिसेस पी घरी आल्या. गार्थ बेकरीतून बन घेऊन भेटायला गेला. बाई नव्या डोळ्यांनी सगळं निरखत होत्या. पडदे एवढे मळलेत हे मला कुणी सांगितलं कसं नाही, म्हणून आधी शेजारणीच्या नावानं खडे फोडून झाले. मग त्या कॉम्प्युटरपाशी बसल्या.

“बाहेरच्यांचं काहीच नाही?”

गार्थ याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं ती खूण दाखवली, लोकांची कौतुकाची पत्रं दाखवली.

“फेकलेलं कुठं जातं?”

“कुठंच नाही! तीच तर गंमत आहे. कुणाला ढीग उपसायला नको.”

“आणि पाठवणाऱ्याला काय कळतं?”

“काही नाही.”

बाईंनी बनचा तुकडा तोंडाजवळ नेलेला खाली ठेवला. “पण झ्वोन्को आतला आहे ना?”

“आतलाच. त्याचं थेट येतं.”

“हो. तो आतला,” त्या म्हणाल्या, आणि आणखी एकदा म्हणाल्या, “तो आतला.”

मग त्यांनी लिस्टवर लिहिलं, ‘झ्वोन्को, आमचं पाणी हललं की नाही, ते तुम्ही नसताना कबूल करत नाही. कुठं आहात?’ उत्तर आलं नाही. गार्थ पुन्हा म्हणाला, फोन करू. बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत थांबू, नाहीतर तूच मला गाडीनं लिंकनला घेऊन चल. त्या सार्डिनांचं काय ते एकदा बघून टाकू.

शुक्रवारीच काउएलच्या क्लेम गर्शविट्झचं पत्र लिस्टवर आलं. क्लेमची कालवांची शेती. माणूस वर्षातून दोनदा लिहिणार, तेही पाण्याच्या तापमानाबद्दल. गार्थनं ते मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, चहाचा कप हातात धरून उघडलं.

‘मंडळी, काल झ्वोन्कोला पोचवून आलो. मला वर्तमानपत्रातून कळलं. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती, पण आपल्यातलं कुणी दिसलं नाही. त्याची मुलगी विचारत होती, लिस्टवरची माणसं बाबांवर रागावली होती का. ती म्हणते तिनं दोन-तीनदा लिहिलं. मला काही आलेलं नाही. कुणाला आलं होतं का?’

घंटा झाली. सगळे वर्गावर गेले. गार्थ तसाच बसून राहिला. शेवटी मुख्याध्यापिकाबाई येऊन म्हणाल्या, “व्हेनिंग, तुमची नववी खिडकीतून बाहेर पडायला लागलीय.” तेव्हा तो उठला.

संध्याकाळी क्लेमकडून नंबर घेऊन त्यानं झ्वोन्कोच्या मुलीला, मारियाला, फोन लावला. आपण कोण हे सांगितलं, आणि चूक कुणाची तेही. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“मी बाबांच्या पेटीतून लिहायला हवं होतं का?” तिनं विचारलं. “मला त्यांचा पासवर्ड माहीत नव्हता. माझ्याच पेटीतून लिहिलं.”

“नाही, नाही. तुमचं काही चुकलं नाही.”

“पहिल्यांदा लिहिलं, की बाबा दवाखान्यात आहेत, आणि वॉलरूच्या बाईंना विचारतायत, आज तुमच्याकडं पाणी थांबलं का. त्यांच्या खिडकीतून नुसती गाड्यांची जागा दिसायची. मग रोज विचारायचे, आलं का उत्तर? म्हणून पुन्हा लिहिलं. तरी नाही. शेवटी मीच थाप मारली. म्हटलं, आलं, थांबलंय म्हणतात पाणी.” फोनवर ती जराशी हसल्यासारखी झाली. “त्यांना पटलं नाही. म्हणाले, ‘ती बाई एवढ्या सहजी कबूल करणार नाही.’ तिसरं पत्र मग... ते आपलं शेवटचं कळवायला लिहिलं.”

“माफ करा,” गार्थ म्हणाला.

कडीनाहून वॉलरू म्हणजे रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत पोचावं इतकं जवळ. गार्थ गाडीत तेवढ्यात तीनदा भाषण पाठ करून गेला. मिसेस पी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मळके पडदे धुऊन दोरीवर टाकलेले होते. क्लेमचं पत्र त्यांनी वाचलेलं होतं हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी नेहमीसारखं ‘ये राजा’ म्हटलं नाही.

गार्थ खालच्या पायरीवर बसला. पाठ केलेलं भाषण राहून गेलं. मारिया जे बोलली ते त्यानं आपल्या पदरचं काही न घालता सांगितलं. दवाखाना, खिडकी, रोजचा प्रश्न, पोरीनं मारलेली थाप. ‘ती बाई एवढ्या सहजी कबूल करणार नाही’ इथं बाईंच्या ओठाचा कोपरा हलला.

“कुठला दिवस होता तो?” त्यांनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

“मी ॲडलेडला होते तेव्हा. डोळ्यावर पट्टी होती. पण विचारून सांगितलं असतं. शेजारीण धक्क्यावर गेली असती.” त्यांनी पायरीवरचा वाळलेला चिखल अंगठ्यानं उकरला. “दवाखान्यात फोन असतोच की खाटेजवळ. मीच सांगितलं असतं.”

“मारिया म्हणाली, तुम्हाला कधीही यायचं असेल तर... मी नेतो तुम्हाला. उद्याही नेतो.”

“आता कुणाशी भांडायला जाऊ तिथं?”

गार्थनं सांगितलं, की ती खूण त्यानं काढून टाकलीय, बाहेरच्यांची पत्रं पुन्हा थांबायला लागलीत, आजच पंचवीस-तीस जमलीत. बाईंनी मान हलवली. ती ‘बरं केलंस’ची होती की ‘बस कर’ची, हे त्याला कळेना, आणि न कळल्यामुळं तो बोलतच सुटला. मी मुद्दाम केलं का, मिसेस पी? तुम्हीच बघा ना, किती यायचं ते. फिल्टर, परिषदा, त्यांच्या वाढीव मुदती. शाळेची कामं, प्रगतिपुस्तकं, घरी पोरं. जगातल्या सगळ्या लिस्टवर असंच करतात. आणि आलेल्यांत असं एखादंच पत्र असतं, वर्षाकाठी एखादं, तेवढ्यासाठी तो सगळा कचरा कुणी उघडून बघायचा? सांगा ना, एवढं सगळं वाचत कोण बसतं?

दोरीवरचे पडदे फुगले आणि खाली बसले. मिसेस पींनी आपले नवे, स्वच्छ डोळे त्याच्याकडे वळवले.

“मी बसत होते.”